रहाडीकाठचा होकार

सुट्टीतल्या प्रेमाच्या गोष्टी मी कॉलेजात असताना ढिगानं वाचल्या. मोबाइलवर फुकट मिळायच्या. त्यांत एक समुद्र असायचा, किनाऱ्यावरून एक मुलगी एकटीच चालत असायची आणि तिला केस उडणारा कुणीतरी भेटायचा. मला त्या मुलीचा हेवा वाटायचा तो त्या मुलासाठी नव्हे. ती कुठं निघाली, कधी येणार, जेवली का, हे तिला घरचं कुणी विचारतच नसे. आमचं घर जुन्या नाशकात. गल्लीत मी नवी चप्पल घातली तरी समोरच्या काकूंना ती कितीला पडली हे आधी कळायचं. अशा जागी प्रेम करायचं म्हणजे मांजरानं डोळे मिटून दूध पिणं. तरी मी केलं, आणि तेही होळी ते रंगपंचमी एवढ्याशा सुट्टीत.

शेजारच्या काकूंचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. त्या वर्षी होळीला त्यानं होस्टेलमधला एक मित्र बरोबर आणला. मित्र डोंबिवलीचा. धुळवडीच्या दिवशी सकाळी हा पाहुणा पांढरा टी-शर्ट घालून, दोन्ही मुठींत गुलाल घेऊन, आरडाओरडा करत जिना उतरून गल्लीत आला. गल्लीत त्या वेळी सायकलवर दूधवाला होता, इस्त्रीच्या कपड्यांत बँकेत निघालेले एक काका होते आणि ओट्यावर कोथिंबीर निवडत बसलेली मी होते. आमच्याकडे रंग धुळवडीला खेळत नाहीत, रंगपंचमीला खेळतात. हे त्याला त्याच्या मित्रानं मुद्दाम सांगितलं नव्हतं, आणि तो वाह्यात मुलगा वर खिडकीत पोट धरून हसत होता.

“चार दिवस थांबावं लागेल,” मी म्हटलं. “तोवर मुठी उघडू नका.”

त्यानं मान डोलावली आणि खरोखरच मुठी मिटलेल्या ठेवून तो जिना चढून गेला. कोपरानं दार ढकललेलं मी पाहिलं. दुसरा कुणी असता तर मित्राशी भांडला असता किंवा मला रंगाचं एक बोट लावून गेला असता. हा स्वतःवरच हसत होता. मला तो तिथंच आवडला, आणि एवढ्या लवकर आवडला म्हणून माझाच मला राग आला.

दुपारी वीर निघाले. आमच्याकडे धुळवडीला घराघरांतले वीर, म्हणजे देव झालेले पूर्वज, वाजतगाजत गोदावरीवर अंघोळीला नेतात. बाप खोबऱ्याच्या वाटीत देवाचा टाक घेऊन नाचत असतो, पोरं राम नाहीतर शंकर झालेली असतात. लहानपणापासून मी ते इतक्यांदा पाहिलं होतं की आता बघतही नव्हते. तो मात्र घाटाच्या पायरीवर तोंड उघडं टाकून उभा राहिला. बाशिंग बांधलेला, नवरदेवासारखा सजलेला वीर आला तेव्हा मी सांगितलं, की लग्न न जमणारी माणसं याला नवस बोलतात. त्यानं तिथल्या तिथं हात जोडले. “आत्तापासूनच?” मी विचारलं. तो म्हणाला, “रांग मोठी असेल ना.”

दुसऱ्या दिवशी रहाड उघडली. रहाड म्हणजे जमिनीतला हौद, पुरुषभर खोल, दगडी बांधणीचा, पेशव्यांच्या काळातला. वर्षभर तो जाड लाकडांनी झाकून, वर माती टाकून बुजवलेला असतो. वरून रिक्षा जातात, पोरं क्रिकेट खेळतात, मी त्याच्यावरूनच स्कूटी घेऊन कॉलेजात जायचे. रंगपंचमीच्या आधी पूजा करून तो उघडतात, आणि फुलं उकळून केलेल्या रंगानं भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग वेगळा. आमची पिवळी.

पाहुण्याचा यावर विश्वासच बसला नाही. “या रस्त्याखाली?” तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मग कुदळीनं माती निघाली, लाकडं उचलली गेली, आणि आत गार, काळा, चौकोनी अंधार दिसला. ओल्या दगडांचा वास वर आला. तो गुडघ्यांवर बसून आत बघत होता आणि मी त्याच्याकडे. आयुष्यभर या खड्ड्याच्या कडेला राहून मला कधी तो दिसला नव्हता, त्याच्या चेहऱ्यावर दिसला. आपल्या पायाखाली एवढं मोठं काहीतरी आहे आणि आपण त्यावरून स्कूटी उडवत जातो, याचं तेव्हा मला भलतंच आश्चर्य वाटलं, आणि अजूनही वाटतं.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. मिसळ खाल्ली, उसाचा रस प्यालो, द्राक्षांच्या गाडीवर चव बघता बघता अर्धा घड संपवला आणि गाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या. बरोबर त्याचा मित्र असायचाच. मित्राला कळत होतं, पण आदल्या गमतीचं प्रायश्चित्त म्हणून तो पुढं पुढं चालायचा.

रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी घाटावर त्यानं मला विचारलं, “उद्या रात्रीची गाडी आहे माझी. जाण्याआधी तुमच्या घरी येऊन सांगू का? की ही सुट्टी होती, असं धरायचं?”

आमच्या घरात पाहुण्याला पाण्याच्या आधी आडनाव विचारतात. ते काम आत्याचं. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. आडनाव ऐकून तिला माणसाची जात, गाव आणि त्याला कुठं बसवायचं हे कळायचं. बाहेरच्या खोलीत की आत, घरच्या ताटात की कागदी बशीत. अण्णा तिला कधी काही म्हणत नसत. भांडी बाजारात त्यांचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाशी गोड बोलून त्यांचे शब्द संपत असावेत, घरी ते फक्त ‘हं’ म्हणायचे. आणि त्याचं आडनाव मला ठाऊक होतं. आत्यानं ते ऐकून काय केलं असतं तेही ठाऊक होतं. घर सोडून मला तो नको होता आणि त्याला सोडून घर नको होतं. दोन्ही कसं मिळणार ते काही कळत नव्हतं.

“उद्या सांगते,” मी म्हटलं. “रहाडीत उडी मारून झाली की आमच्या ओट्यासमोर विजेचा खांब आहे, तिथं थांब.”

मोबाइल त्या दिवशी कुणीच जवळ ठेवत नाही, भिजून जातो. खांब ठरवला तो त्यामुळे.

रंगपंचमीला दुपारपासून गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल वाजत होते, गच्च्यांवरून पाणी पडत होतं. रहाडीत माणसं धप्पा मारत होती. धप्पा म्हणजे उंच उडी घेऊन अंग आपटायचं, असं की कडेच्या लोकांवर पिवळी लाट यावी. आमच्या रहाडीत तेव्हा बायका उतरत नसत, आम्ही कडेनं भिजायचो. काठावर काही सरावलेली माणसं उभी असतात. उडी मारलेल्याला हात देऊन वर ओढायचं, हे त्यांचं काम. अण्णा तरुणपणापासून ते करत आले होते. वर्षातून त्या एका दिवशी माझे वडील ओरडताना दिसायचे.

मी ठरवलं होतं. रात्रभर विचार करून नव्हे, सकाळी दात घासताना ठरलं. हो म्हणायचं. पुढचं पुढं.

गर्दीतून वाट काढत मी खांबापाशी आले. पाठमोरा, काटकुळा, नखशिखान्त पिवळा, अंगाला शर्ट चिकटलेला तो खांबाला टेकून उभा होता. हजार माणसांत त्याची पाठ मी ओळखली असती, असा माझा गर्व. मी मागून त्याचं मनगट धरलं आणि ढोलांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्याच्या कानाशी ओरडले,

“हो! माझं हो आहे. ये घरी. आत्या आकांडतांडव करेल, करू दे. अण्णांचं काही नाही, ते ‘हं’ म्हणतील. त्यांचं मी बघते.”

तो वळला. पिवळ्या चेहऱ्यात फक्त डोळे पांढरे होते, आणि ते डोळे मी जन्मापासून ओळखत होते.

“माझं काय बघतेस?” अण्णा म्हणाले.

खांदा दुखतो म्हणून ते घटकाभर टेकायला आले होते. मी त्यांचं मनगट सोडायचंही विसरले. जमिनीनं पोटात घ्यावं म्हणतात. आमच्या गल्लीत तर जमीन त्या दिवशी उघडीच होती. त्यांनी ढोलवाल्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चिडले की हसले, काही कळायला मार्ग नव्हता. त्या रंगात माणसाचा चेहरा वाचता येत नाही.

“कोण?” त्यांनी विचारलं.

मी आजूबाजूला पाहिलं. सगळा गाव पिवळा. “दिसत नाहीये,” मी म्हटलं. एवढंच खरं उत्तर होतं.

अण्णांनी माझी ओढणी ओढून घेतली, माझा हात धरला आणि गर्दीत शिरले. समोर आला त्या पोराचं तोंड त्यांनी मोकळ्या हातानं ओढणीनं पुसलं. रंग काय पुसून जाणार, पण ओघळ गेले की नाकडोळे उमटायचे. “हा?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. दुसरा धरला. “हा?” तो आमचा मेडिकलवाला होता. “अण्णा, काय झालं?” तो म्हणत राहिला. अण्णा पुढं. लोकांना वाटलं काही नवा खेळ आहे, पोरं आपण होऊन तोंडं पुढं करायला लागली. “हा?” “नाही.” “हा?” “अण्णा, नाही.” मी रडत होते की हसत होते ते मलाही सांगता येणार नाही. माझा अबोल बाप भर गल्लीत एकेक चेहरा पुसून मला विचारत होता. अशी गोष्ट मी कुठल्याच मोबाइलवर वाचली नव्हती.

तो सापडला पलीकडच्या खांबाशी. आमच्या ओट्यासमोर दोन खांब आहेत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शाळेत शिक्षा केल्यासारखा तो ताठ उभा होता. अण्णांनी त्याचं तोंड पुसलं. माझा हात त्यांच्या हातात होता, तो आपोआप आवळला गेला, त्यावरूनच त्यांना कळलं असावं. त्यांनी विचारलंच नाही.

“हा तर शेजारचा पाहुणा,” ते म्हणाले. “मघाशी ह्याला मीच वर काढला. पोहता येत नाही, आणि धप्पा मारतो.”

“काका,” तो घाईघाईनं म्हणाला, “माझं नाव…”

अण्णांनी त्याच्या तोंडावर सबंध पंजा ठेवला. “नाव नको. आज नाव सांगायचं नाही. गाडीचं तिकीट रद्द कर आणि संध्याकाळी जेवायला ये. आहेस तसा ये.”

तो होता तसाच आला, पिवळा. आत्यानं दारातच विचारायला तोंड उघडलं. “अक्का, उद्या विचार,” अण्णा म्हणाले. “आज आधी वाढ.” बाहेरच्या खोलीत नव्हे, त्यांनी त्याला आत, स्वयंपाकघरात, आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. आई वाढायला उठली तर तिला बसवलं. “अक्का वाढेल.” आत्यानं पिठलं वाढलं, ठेचा वाढला, गरम भाकरी टाकली. भूक लागलेलं पोर बघून तिला राहवलं नाही, वर लोणी घातलं. अण्णांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून त्याच्या ताटात ठेवली. आमच्याकडे हे कुणी करत नाही, बाहेरच्या माणसाशी तर नाहीच. मला वाटलं, रंगाची लहर आहे, उद्या उतरेल.

सकाळी तो निरोप घ्यायला आला. अंघोळी झाल्या तरी तो आणि अण्णा दोघंही हळदीसारखे पिवळेच होते. आत्या चहाचं आधण ठेवून बसली होती. अण्णांना बोलायची संधी न देता तिनं विचारलं, “हं, आता सांग. आडनाव काय तुझं?”

त्यानं सांगितलं. आवाज न चोरता सांगितलं.

आईनं पदर तोंडाला लावला. आत्याचा हात कपावर होता तिथंच राहिला. “अरे,” ती हळू आवाजात अण्णांना म्हणाली, “मग आता?”

अण्णा वर्तमानपत्रात बघत होते. “आता काय,” ते म्हणाले. “काल आपल्या पंगतीला जेवलाय तो, अक्का. तुझ्या हातचं. माझ्या ताटातलं. आता विचारून काय करतेस?”

तेव्हा मला कळलं. रंगाची लहर बिहर काही नव्हती. भर गल्लीत त्याच्या तोंडावर हात ठेवला तेव्हाच त्यांनी हे सगळं ठरवलं होतं. पाट कुठं मांडायचा, वाढायला कुणी बसायचं, भाकरी कुणाची मोडायची, सगळं. ‘हं’पलीकडे न बोलणाऱ्या या माणसात एवढं धाडस कुठं होतं, किती वर्षं होतं, मला माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. वर्तमानपत्र त्यांनी उलटं धरलं होतं.