नुसती वसाहत

माझी आत्या पाणी तपासते. शहरातल्या वसाहतींमधून बाटल्या येतात. ती त्यांत थेंब टाकते, रंग बघते, आकडे टिपते. चिठ्ठी नसलेली बाटली सरळ मोरीत ओतते. "बेवारस पाणी मी तपासत नाही!" घरी साखरेच्या डब्यावरसुद्धा 'साखर' लिहिलंय. बाबा म्हणतात, "अगं, मुंग्यांना न वाचता कळतं, आम्हाला नाही कळणार?"

आणि नेमका तिच्याच हातून बिननावाचा आलेख गेला.

आलेख काढणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि ते काम आत्याच्या गळ्यात पडलं. त्यांनी प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. आकडे भरायचे, चालवायचा, की प्रत्येक वसाहतीचा खांब उभा. खांब जितका उंच, तितकं पाणी घाण. खाली नुसते क्रमांक असायचे. तिथे नावं घालायची हौस आत्याची. शोधून शोधून तिने दोन ओळी वाढवल्या. संगणकावर झकास दिसलं, म्हणून चित्र तसंच वर पाठवलं. उभी, खालून वर वाचायची नावं, आणि चित्राची खालची कड त्यांनाच खाऊन बसलेली! 'तळ्यामागची', 'टेकडीवरची' गेलं, उरलं नुसतं 'वसाहत', 'वसाहत', 'वसाहत'. पाइप धुणारी गाडी अंदाजाने टेकडीवर गेली. तळ्यामागे मुलांची पोटं बिघडतच राहिली.

मी तिचा विसरलेला चष्मा द्यायला प्रयोगशाळेत गेले, तेव्हा नव्या आलेखासाठी गाड्या पाठवणारा इंजिनियर दारातच उभा होता.

"ताई, द्या ना. वर सगळे बसलेत."

"बसू देत. खुर्च्या आहेत ना?" तिने मला ओढलं. "हे बघ गं. इथे नावं पूर्ण आहेत की मला भास होतोय?"

"पूर्ण आहेत."

"आता जतन केलेलं चित्र उघडते." उघडलं. वसाहत, वसाहत, वसाहत. "बघ! मधे कोण खातं?"

अक्षरं बारीक करून झाली होती, तिरकी करून झाली होती.

"पेनाने लिहा की," इंजिनियर म्हणाला.

"भिंतीवर दाखवता ना तुम्ही चित्र? मग येते, भिंतीवर लिहिते."

चष्मा चढवून ती प्रोग्रॅम मोठ्याने वाचू लागली. "आकडे घे. खांब काढ. नावं लिही. चित्र जतन कर. खाली जागा सोड. चित्र दाखव..." थांबली. "अगं बाई! आधी फोटो काढायचा आणि मग म्हणायचं, जरा सरका? मीच लिहिलीय ही ओळ. नवीन म्हणून खाली घातली."

ओळ वर सरकवली, आणि नावं अख्खी आली. मी टाळ्या वाजवल्या.

इंजिनियर वाकून बघत होता. "अरे वा! तळ्यामागचा खांब मागच्या वेळेपेक्षा उतरलाय की. मग गाडी पुढच्या आठवड्यात पाठवू."

आत्याचा चेहरा पडला. खांब खरंच बुटका झाला होता. "आकडा तर तोच आहे. मग हा खचला कसा?" तिने जुनं आणि नवं चित्र शेजारी मांडलं. बाजूच्या मोजपट्टीवरचे आकडेही एकमेकांना खेटले होते. "नावांना जागा दिली ती... यांच्या उंचीतून घेतली?"

"म्हणजे पाणी सुधारलं?"

"पाणी तसंच आहे हो, चित्र दबलंय!"

"दिसतंय तर कमी."

तिने चित्राचीच उंची वाढवली. खांब पुन्हा ताठ झाला.

"आता वाढलं," इंजिनियर म्हणाला. "यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मला काय कप्पाळ कळणार! मग अॅप्रन खुर्चीवर टाकून म्हणाली, "चला, मीच येते वर." ती कधीच वर जात नाही.

परत आली तेव्हा कपाळावर घाम होता.

"समजावलंस?"

"कुठलं! मलाच धड उमगलेलं नाही. साहेब विचारत होते, खांब नक्की केवढा? म्हटलं, तळ्यामागची वसाहत, तिचा आकडा हा. गाडी पाठवा आणि मग मला काय हवं ते विचारा."

खाली गाडी सुरू झाली. आत्या खिडकीशी गेली. फाटकातून डावीकडे टेकडी, उजवीकडे तळं. गाडी उजवीकडे वळली, तरी ती बघतच राहिली.