मागं कोण आहे

खरं तर हे लिहिणं माझं काम नाही, आणि जे चुकेल त्याबद्दल मी आधीच माफी मागते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. आजवर कागदावर जे काही गेलं ते अर्ज होते आणि तेही दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. चालतं वाफेचं इंजिन मी कधी पाहिलेलं नाही. तरीही शेजारच्या आबांबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं मला दोन वर्षं वाटत होतं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसेना. आमच्या सणसरपासून बारामतीपर्यंत, आणि बहुधा त्याच्याही पुढे, धुराला इतका घाबरणारा आणि तरीही धुराचा इतका मान ठेवणारा माणूस सापडणार नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकते.

आबा रेल्वेत फायरमन होते. म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्यानं कोळसा टाकायचं त्यांचं काम. वाफेची इंजिनं बंद होऊन माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली, पण आबांच्या डोळ्यांतली भट्टी काही विझलेली नाही. गळीत हंगामात ते रोज सकाळी ओट्यावर चहा घेऊन बसतात आणि लांबवर दिसणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीकडे बघून निकाल देतात. धूर पांढरट आणि सरळ असला तर काही बोलत नाहीत. काळा निघाला की मान हलवून म्हणतात, "आज भट्टीवर नवं पोरगं हाय." आम्ही हसायचो. पण कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या आमच्या गल्लीतल्या काकांनी एकदा चौकशी केली, तर खरोखरच आदल्या दिवशी नवा माणूस लागलेला. तेव्हापासून काका आबांना लांबूनच जयभीम घालतात आणि चिमणीबद्दल काही विचारायच्या आत सटकतात.

लग्नाच्या स्वयंपाकात आबा असले की आचारी घाबरतो. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात त्यांनी भाताच्या चुलीतली निम्मी लाकडं बाहेर ओढली, उरलेली पातळ पसरली आणि आचाऱ्याला सांगितलं की जाळ हा भरायचा नसतो, अंथरायचा असतो. आचारी रागावून पानाच्या टपरीवर जाऊन बसला. नवरदेव वेशीत यायच्या आधी भात तयार होता, आणि मांडवात कुणाच्याही डोळ्याला पाणी आलं नाही. पाठवणीच्या वेळीसुद्धा जरा कमीच आलं, असं माझी आई म्हणते.

पण सगळ्यात गाजलेली गोष्ट खंबाटकीच्या बोगद्याची. साताऱ्याकडून नवी नवरी घेऊन आमचं वऱ्हाड परत येत होतं. बोगदा दिसताच आबा उभे राहिले आणि गाडीतल्या प्रत्येकाला टॉवेल भिजवून नाकाला लावायला लावला. बायकांनी पदर भिजवले. डायव्हर सांगत होता की आत दिवे आहेत, पंखे आहेत, कोळसा जाळणारं कुणी नाही. आबा सीटखाली वाकून बसले होते, कारण बरी हवा खाली असते. आम्ही बाहेर आलो तेव्हा नवरीच्या नाकावरची हळद पुसली गेली होती, आणि माहेर सोडल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

त्यांची आणखी एक सवय मला बरेच दिवस कळली नव्हती. वडील ट्रॅक्टर चालू करायला गेले की भिंतीपलीकडून आबांचा आवाज यायचा, "मागं कोण हाय बघ आदी." कुणी चूल पेटवो, उसाचं पाचट पेटवो, मोटारसायकलला किक मारो, प्रश्न तोच. माझ्या स्कूटीवर बसतानाही ते आधी वळून मागचा रस्ता बघतात.

याचं कारण त्यांनी मला बारामतीला बँकेच्या रांगेत सांगितलं. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझं कॉलेज तिकडंच असल्यामुळे त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आहे. आबा रांगेतल्या प्रत्येक रेल्वेवाल्याला विचारत होते की पुणे-मिरज मार्गावरच्या घाटात मागच्या इंजिनावर तुम्ही होता का. मी विचारलं, हे कशासाठी?

घाट चढायला गाडीला दोन इंजिनं लागायची, एक पुढं ओढायला, एक मागून ढकलायला. पुढच्याचा धूर बोगद्यात साठायचा आणि मागच्या इंजिनावरच्या माणसांना त्यातून जावं लागायचं. तोंडाला ओलं फडकं बांधून ती खाली बसून राहायची. म्हणून पुढच्या फायरमननं बोगद्याच्या बऱ्याच आधी शेवटचा कोळसा टाकायचा, तो धडधडून पेटू द्यायचा, म्हणजे नव्या कोळशाचा काळा धूर बाहेरच निघून जाईल, आणि फावडं खाली ठेवायचं. बोगदा संपेपर्यंत हात लावायचा नाही. हे कुठं लिहिलेलं होतं की नाही मला माहीत नाही, पण सगळे पाळायचे.

एका पावसाळी दिवशी रूळ ओले होते, चाकं घसरत होती आणि वाफेच्या दाबाचा काटा खाली येत होता. आबा नवीन होते. गाडी आतच अडकेल या भीतीनं त्यांनी बोगद्यात तीन फावडी कोळसा टाकला. वर पोचल्यावर त्यांनी वाकून मागं बघितलं. मागच्या इंजिनावरून कुणाला तरी उतरवून खाली निजवलेलं होतं. एवढ्या लांबून फक्त पाय दिसले. तेवढ्यात सिग्नल पडला आणि गाडी निघाली.

"तवा इचाराया पायजे हुतं," आबा म्हणाले. "भ्यालो. चौकशी लागंल म्हनून भ्यालो. मग कुणी म्हनं गावाकडं गेला, कुणी म्हनं मेला."

ही गोष्ट जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीची.

गेल्या नोव्हेंबरात रांगेत नीरेकडचे एक जुने गार्ड भेटले. गार्डाचा डबा मागच्या इंजिनाला लागूनच असायचा, त्यामुळे त्यांना तो खाली निजवलेला फायरमन आठवत होता. लोणंदच्या बाजूला राहतो म्हणाले, आणि त्याच्या मुलाचा नंबर दिला. आबांनी तो कागद अकरा दिवस सदऱ्याच्या खिशात ठेवला. बाराव्या दिवशी दुपारी आमच्या उंबऱ्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "लाव."

फोन मुलानं उचलला आणि गोठ्यात जाऊन म्हाताऱ्याच्या हातात दिला. मी स्पीकर लावला, तर आबांनी फोन माझ्याच तोंडाकडे सरकवला. मग सगळं मीच सांगितलं, बोगदा, पाऊस, तीन फावडी, आणि आबांना माफी मागायची आहे हेसुद्धा. पलीकडून एक जाड, सावकाश आवाज आला.

"पोरी, त्ये म्हैन्यातनं एकांदा तरी व्हायाचंच. वर गेलं की खाली निजवायचे, पानी मारायचे, च्या पाजायचे. आन् परत फावडं हातात. तुजा आबा त्यातल्या कंच्या दिसाचा, ह्ये मी कसं सांगू?"

ते गृहस्थ नंतर स्वतः डायव्हर होऊन निवृत्त झाले होते. आबांचे गुडघे कसे आहेत ते त्यांनी विचारलं, शेळी व्यायला झाली आहे म्हणाले आणि फोन ठेवला.

मला वाटलं, आबा आता मोकळे होतील. थोडे झालेही. "जित्ता हाय," असं दोनदा म्हणाले. आईनं दिलेला चहा प्यायले. मग कप खाली ठेवला.

"म्हैन्यातनं एकांदा," ते म्हणाले. "मंजी माज्यासारखी लई जनं झाली आसतील. ती बी आशीच इचारत फिरत आसतील का गं?"

मी कप उचलून आत नेला.