निळ्या बल्बचा ड्रमर

जितेंद्र रेडकर स्वस्थ बसलाय असं मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेलं नव्हतं.

हाटकेशमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर. लिफ्टचं बटण दाबायचं आणि लिफ्ट यायच्या आत जिन्याने खाली पोचायचं, ही त्याची रोजची रीत. मागे रिकामी लिफ्ट आमच्या मजल्यावर येऊन उगाच उघडते. चहाला आला की टीपॉय, खुर्चीचा हात, फरसाणाचा डबा, हाताखाली येईल ते बडवतो. आमच्या हिने एकदा भरली प्लेट त्याच्यासमोरून उचलून नेली होती. त्याने माझं डोकं भरपूर खाल्लंय. पण तो गावाला गेला की मला करमत नाही, हे मी त्याला कधी सांगणार नाही.

तरुणपणी हा ड्रमर होता. ऐंशीच्या दशकात विलायतेत न्यू वेव्ह नावाची संगीताची एक लाट आली होती. सिंथेसायझर, उदास शब्द, कपाळावर केस. गिरगावातल्या चार पोरांनी ती मराठीत आणायचं मनावर घेतलं आणि ‘निळा बल्ब’ नावाचा बँड काढला. ड्रमवर जितू आणि गायला संपदा. तीच पुढे त्याची बायको झाली, आमची संपदावहिनी. त्यांची एक कॅसेट निघाली आणि ती बहुतेक नातेवाइकांनीच विकत घेतली. मग कीबोर्डवाला चंदन एक दिवस ड्रम वाजवणारं मशीन घेऊन आला आणि जितू तिथल्या तिथे उठून घरी गेला.

“मला काढलं नाही, मी सोडला,” हे वाक्य मी आता झोपेतही म्हणून दाखवीन. चंदनच्या डोळ्यांत तो खुपत होता, असं त्याचं म्हणणं. पुढे नोकऱ्याही त्याने अशाच सोडल्या. कुठे साहेब मठ्ठ निघाला, कुठे कामच संथ होतं. वहिनींनी मात्र विम्याच्या ऑफिसात एकच खुर्ची शेवटपर्यंत धरून ठेवली. घर त्या खुर्चीवर चाललं. गाणं त्यांनी बँडबरोबरच सोडलं होतं आणि त्याबद्दल त्यांना कधी कुणी विचारलंही नव्हतं, मी धरून.

यंदा लग्नसराईत आमच्या तळमजल्यावरच्या जिममधून एक गाणं ऐकू यायला लागलं. ‘गच्चीवर कुणी नाही’. निळ्या बल्बचं गाणं, पण खाली दणदणीत ठेका. जवळच्याच राई गावातल्या निकेत नावाच्या डीजेने कुणीतरी इंटरनेटवर टाकलेल्या त्या जुन्या कॅसेटमधली तीन गाणी घेऊन त्यांची रीमिक्स केली होती. त्यातलं हे सुटलं ते सुटलंच. हळदीत, बारशात, रिक्षात, सगळीकडे तेच. मूळ गाण्यावर कुणी मानसुद्धा हलवली नसेल, आणि इथे बायका पदर खोचून नाचत होत्या.

जितूला आभाळ ठेंगणं झालं. वाण्याला, वॉचमनला, जिममधल्या पोरांना तो थांबवून सांगायचा, “अपना गाना है. ड्रम्स पे मैं.” वॉचमन त्याला सलाम ठोकायला लागला. एवढी इज्जत त्याला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती आणि मलाही मनापासून बरं वाटत होतं.

मग एका सकाळी तो चहाला आला आणि काहीच बडवेना. मोबाइल माझ्या कानाला लावून म्हणाला, “नीट ऐक. मी ऐकू येतोय?”

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, येतोयस की थोडा. तो म्हणाला की नाही येत. वहिनींचा आवाज आहे, चंदनचा कीबोर्ड आहे, गिटारसुद्धा आहे. ड्रम तेवढे कुणा दुसऱ्याचे आहेत.

त्यानंतरचे दिवस काही खरे नव्हते. तो जिममध्ये जाऊन स्पीकरला कान लावून उभा राहायचा. वॉचमनचा सलाम चुकवायला मागच्या गेटने जायला लागला. गाणं आपलं म्हणून गावभर सांगितलं आणि त्यात आपण नाहीच, हे त्याला आतून कुरतडत होतं. बरं, आयुष्यात दाखवायला त्याच्याकडे दुसरं होतं तरी काय? शेवटी एका दुपारी त्याने मला आणि वहिनींना रिक्षात कोंबलं आणि आम्ही राईला निघालो. डीजेला आज सोडत नाही, असं तो वाटेत चारदा म्हणाला. वहिनी बाहेर बघत होत्या.

निकेतने मात्र भांडायची सोयच ठेवली नाही. हे दोघे कोण ते कळताच तो दोघांच्या पाया पडला. त्याच्या आईने, चंद्रावतीबाईंनी, आम्हाला आतल्या खोलीत नेलं. “चाय ठेवलीय. घेतल्याबिगर जायाचा न्हाय,” म्हणाल्या. खोलीत दोन मोठे स्पीकर होते, कॉम्प्युटर होता आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली मासळीची जाळी.

जितूने बसायच्या आत विचारलं, माझे ड्रम कुठे गेले. निकेत म्हणाला की रीमिक्स करताना पहिले ड्रमच काढतात. हल्ली कॉम्प्युटर गाण्यातून गळा वेगळा आणि वाद्यं वेगळी काढून देतो. मग खाली नाचायला पक्का ठेका घालायचा. सगळे असंच करतात, यात काका तुमचा अपमान नाही.

जितूने ऐकलं नाही. माझे ड्रम परत घाल, म्हणाला. निकेतने तोंड चुकवलं, आईला चहाचं विचारलं, माउस हलवला. जितू त्याच्या मागेच लागला तेव्हा त्याने जुने ड्रम नव्या ठेक्यावर चढवून लावले. सुरुवातीला जमलं. मग दोन्ही एकमेकांच्या पायात यायला लागले आणि शेवटी नुसता गोंधळ झाला. मलासुद्धा कळला, म्हणजे बघा.

“काका, राग नका मानू,” निकेत खाली बघत म्हणाला. “तुम्ही पळताय. गाणं सुरू होतं एका लयीत आणि संपतं भलत्याच. मला एकेक ओळ कापून जाग्यावर बसवायला लागली.”

मला त्या क्षणी तिथून उठून जावंसं वाटलं. चंदनने मशीन का आणलं, हे मला कळलं होतं आणि जितूच्या चेहऱ्यावरून त्यालाही कळलं होतं. इतकी वर्षं एका माणसाला शिव्या घातल्या, त्या सगळ्या आता उलटून त्याच्यावरच आल्या होत्या.

निकेतलाही ते बघवलं नसावं. एक गंमत ऐकवतो, म्हणून त्याने सगळी वाद्यं बंद केली आणि वहिनींचा एकटा गळा लावला. विशीतला आवाज. दर ओळीच्या शेवटी घाईघाईने ओढून घेतलेला श्वास, आणि मग पुढच्या ओळीवर उडी. निकेत सांगत होता की हे श्वास त्याने आधी काढून टाकले होते, तर गाणंच मेलं. म्हणून परत घातले. लोक नाचतात ते त्याच जागांवर. “आणि हे काकांमुळे. ड्रम पळतायत म्हणून काकींना दम खायला टाइमच न्हाय.”

जितूचा चेहरा असा उजळला की काय सांगू. “म्हणजे मी आहे,” तो वहिनींना म्हणाला. “संपदा, मी आहे गाण्यात.”

“आहेस ना,” वहिनी म्हणाल्या. “दम मला लागलाय.”

स्पीकरमधून त्यांचाच आवाज चालू होता. तो संपेपर्यंत त्या थांबल्या.

“चंदनला मशीन आणायला मी सांगितलं होतं, जितू. माझा श्वास पुरत नव्हता.”

जितूने निकेतकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी जाळ्यांकडे बघत बसलो. मग तो वहिनींना म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगायलाच आले होते त्या दिवशी,” वहिनी म्हणाल्या. “तू उठून गेला होतास.”

चंद्रावतीबाई चहा घेऊन आल्या. आता हा उठणार म्हणून मी चपला कुठे काढल्यात ते आठवायला लागलो, पण जितू उठला नाही.