समोरचे उघडे पडदे

पिनर या विलायती उपनगरात आमच्या समोर एक वयस्कर डच बाई राहायच्या. रात्री दिवे लागल्यावरही त्यांचे पडदे उघडेच असायचे. खिडकीशी आजारी नवरा पडलेला आणि शेजारी त्या विणत बसलेल्या.

"अहो, घरातलं सगळं दिसतं. सांगा ना त्यांना," बायको म्हणाली. पडदे ओढले की हीटिंगचं बिल कमी येतं, हा मुद्दा घेऊन मी गेलो.

त्या खळखळून हसल्या. "आमचं गाव एवढंसं. विटांची जुनी घरं, मागे कालवा आणि कालव्याहून खाली कुरणं. होड्या गाईंच्या डोक्यावरून जायच्या! संध्याकाळी आई प्रत्येक खिडकीकडे बघून हात हलवायची. भरदिवसा पडदे ओढलेले दिसले, तर समजायचं, घरातलं कोणीतरी गेलं."

त्यांच्या नवऱ्याने पडल्या पडल्या मला हात केला. पुढे आम्हीही रोज हात करू लागलो आणि आमचेही पडदे उघडे राहू लागले. बिल वाढलं, हे खरं.

मार्चमधल्या एका दुपारी समोरचे पडदे ओढलेले दिसले. पोस्टमन त्यांच्या दारात पत्रं टाकून शीळ घालत पुढे गेला. बायकोने गॅस बंद केला आणि माझा कोट माझ्या हातात दिला.