चुकीची नोंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

कापसाचे भाव पडलेले, जो तो चिडलेला — तसली ती वर्षं. राळेगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसातला ओलावा मोजायचं यंत्र संगणकाला जोडायचं काम मला मिळालं. कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या अगदी आतल्या गाभ्यात, यंत्राशी बोलणारा कोड मी लिहिला. काही बिनसलं की असा कोड एक आकडा परत पाठवतो — एरर कोड. तार निघाली तर एक, यंत्र गप्प झालं तर दुसरा, माणसाने चुकीचं भरलं तर तिसरा. कुठे कोणता, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. आणि मी काय केलं? सगळीकडे तो तिसराच ठोकून दिला. कोण बसतंय वेगवेगळे लिहीत! काहीही बिघडो, पडद्यावर एकच — 'चुकीची नोंद'.

यंत्रावर सुनंदाताई बसायच्या. गाडीचा नंबर टाकायचा, कापसात यंत्राची सळई खुपसायची, ओलावा वाचायचा. दिवाळीनंतर गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली, आणि नेमकं तेव्हाच पडदा अडून बसला. चुकीची नोंद. पुन्हा चुकीची नोंद. बाहेर लोक ओरडायला लागले. जिनिंगच्या शेठनी मला यवतमाळहून बोलावून घेतलं.

"मी बरोबरच टाकून राह्यली, भाऊ," ताई रडकुंडीला आल्या होत्या. "तुम्हीच पाहा ना."

पाहिलं. सळईची तार आतून सैल झाली होती. हात लावताच कळलं मला. पण शेठ मागेच उभे — "काहून अडते हे?"

काय अवघड होतं? कोड खोटं सांगतोय आणि तो मी लिहिलाय — एवढंच तर म्हणायचं होतं! मी म्हणालो, "नोंद चुकते आहे. पडद्यावर लिहिलंच आहे की."

तार गुपचूप घट्ट केली. दुसऱ्या दिवसापासून शेठनी ताईंना येऊ नका म्हणून सांगितलं. मग मी कोड सुधारला — प्रत्येक बिघाडाला त्याचा स्वतःचा आकडा. चार ओळींचं काम! चार ओळी — अजून चीड येते. शेठ खूश झाले.

पुढच्या हंगामात कळंबच्या स्टँडवर ताई दिसल्या, वेचणीला निघालेल्या बायांसोबत. त्यांनीच हाक मारली.

"मशीन चालते ना आता बरोबर?"

"चालते."

"मंग माह्याच हाताची चूक असन," त्या म्हणाल्या. रागाने नाही — पटल्यासारखं.

बस लागली. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली.