तीन चाळीसची बस

स्टेशनातल्या चौकशीच्या खोलीला दोन खिडक्या होत्या. एक आगगाडीच्या फलाटाकडे, दुसरी बसच्या थांब्यांकडे. मधे एक फिरती खुर्ची आणि तिच्यावर गेली बावीस वर्षं चौकशीबाई. एकीकडे तोंड आणि दुसरीकडे पाठ, असं करून भागत नसे, म्हणून दिवसभर त्या गरगर फिरत असत. "घरी आल्यावरही तासभर फिरतच असते," असं त्यांचे यजमान शेजाऱ्यांना सांगत. खरं नव्हतं, पण शेजारी हसत.

वेळापत्रकात कुठेही न लिहिलेलं एक काम बाई करत. दुपारची आगगाडी तीन पस्तीसला यायची आणि डोंगरावरच्या गावाला जाणारी बस तीन चाळीसला सुटायची. गाडीला उशीर झाला की बाई थांब्याकडच्या खिडकीतून हात वर करत. तो दिसला की बसचा ड्रायव्हर निमूटपणे इंजिन बंद करायचा. ह्या ड्रायव्हरला सगळे पैलवान म्हणत, कारण फुंकर मारली तर उडून जाईल अशी त्याची अंगकाठी होती. गाडीतली माणसं धावत येऊन बसमध्ये चढली की बाईंचा हात खाली. त्यानंतरची बस थेट साडेपाचला, त्यामुळे त्या हाताला बरेच लोक दुवा देत.

पण मागच्या आठवड्यात कुणीतरी तक्रार केली, की बाईंचे पाहुणे येणार असले म्हणजे बस थांबते. स्टेशनच्या नव्या साहेबांनी तो कागद वाचून दाखवला आणि म्हणाले, "मी काही म्हणत नाही. पण जरा जपून." बाईंनी ते फार मनाला लावून घेतलं. खरं तर त्यांच्याकडे येणारे पाहुणे सगळे गावातलेच, आणि तेही चालत यायचे.

आणि आज गाडीत त्यांची मुलगी होती. ती दुसऱ्या शहरात शिकवण्या घेऊन राहायची आणि तिथूनच परस्पर निघाली होती. डोंगरावरच्या शाळेत पाच वाजता तिची मुलाखत होती. बसला वर पोचायला तास लागायचा. शिक्षिकेच्या नोकरीसाठी ही तिची चौथी खेप, आणि वयाची अट बघता शेवटचीच.

तीन पस्तीस झाले. मागच्या स्टेशनातून फोन आला, गाडी बारा मिनिटं उशिरा आहे. त्यांनी खुर्ची फिरवली. पैलवान इंजिन चालू करून खिडकीकडेच बघत होता. पलीकडे साहेब उभे होते. हात वर करायचा, एवढंच तर काम. पण हात काही मांडीवरून उठेना. लोक म्हणतील, बघा, लेकीसाठी बस धरून ठेवली! पैलवानाने दोनदा हॉर्न वाजवून पाहिला. बाईंनी फलाटाकडे तोंड फिरवलं. तीन चाळीसला बस सुटली.

गाडी आली तशी मुलगी उतरली, ती चौघांना घेऊनच. डोळ्यावर पट्टी बांधलेले एक आजोबा, त्यांचा हात धरलेल्या आजी, आणि तान्हं बाळ घेतलेली एक बाई.

"सावकाश चला आजोबा," मुलगी म्हणत होती. "बस थांबलेली असते. माझी आईच थांबवते." मग तिला रिकामा थांबा दिसला.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला. लेकीला टाळायच्या नादात आपण ह्या चौघांनाही वाऱ्यावर सोडलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. खोलीला कडी घालून त्या तडक साहेबांकडे गेल्या.

"साहेब, बस माझ्यामुळे गेली."

"गेली ती वेळेवर गेली की."

"गाडीत माझी मुलगी होती, म्हणून मी थांबवली नाही. ती नसती तर थांबवली असती. ही बाकीची माणसं उगाच अडकली."

साहेबांनी चष्मा काढून हातात घेतला. "म्हणजे तुम्ही स्वतःचीच तक्रार करताय?"

"तसं समजा. पण आधी ह्यांची सोय करा."

वर्षातून दोनदा हलणारी एक राखीव बस कोपऱ्यात उभी असायची. साहेबांनी ती काढायला लावली. जेवायला बसलेल्या ड्रायव्हरला उठवून आणेपर्यंत चार वाजून दहा मिनिटं झाली. मुलीने आजोबांना हात देऊन वर चढवलं, बाळाची पिशवी घेतली. आईकडे एकदा बघितलं आणि स्वतःही चढली.

सहा वाजून गेल्यावर तिचा फोन आला.

"दहा मिनिटं उशीर झाला. पण माझा नंबर शेवटचा होता, म्हणून घेतलं आत. बरी झाली मुलाखत. आठ दिवसांनी कळवणार आहेत."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "तू गाडीत होतीस म्हणूनच मी बस थांबवली नाही. माझ्यावर रागावलीस का गं?"

"आई, आजोबांनी तिकीट काढलं होतं, त्या बाळाच्या आईने काढलं होतं. मीही काढलं होतं गं."

बावीस वर्षं लोकांना पटापट उत्तरं देणाऱ्या बाई फोन कानाला लावून नुसत्या रडत राहिल्या.