सोमवारपर्यंत आजची जर्मन हवी

वाचनालयातल्या मंडळींनो, आज माझं पुरतं नाक कापलं गेलं.

धरणावर आलेल्या जर्मन साहेबाला दुभाषी हवा होता. रद्दीत मिळालेल्या जुन्या धर्मपुस्तकावरून दहा वर्षं घोकलेली जर्मन घेऊन मी गेलो. साहेब भला माणूस, पण पोट धरून हसला. “आजोबा, असं आमचे खापरपणजोबा बोलायचे!”

आपल्या ‘जो, जी, जे’च्या जागी मी सगळीकडे ‘झो’ लावत होतो. तो शब्द तिकडे कधीच मेला. आता ‘देर, दी, दास’ म्हणतात. साहेब म्हणाला, “सोमवारी आजच्या भाषेत बोला, नाहीतर पुण्याचा माणूस घेतो.”

घरी ही म्हणाली, “आवो, चार दिसांत काय व्हनार हाय?”

साठीला टेकलोय. हे काम गेलं तर दहा वर्षं पाण्यात. कुणाकडे नवं जर्मन पुस्तक आहे का? फाटकंही चालेल. ते न्यायला पिरंगुट गावापर्यंत चालत येतो.